शुक्रवार की शनिवार? वारावरून तारीख तपासताना

निडी हे नागोठणे आणि रोह्याच्या मधलं स्टेशन. इथून रायगडाची वाट काही फार लांबची नाही, म्हणून आजचा विषय रायगडावरूनच सुरू करू. विषय साधा वाटेल: एखाद्या तारखेला वार कोणता होता, हे कसं काढायचं? पण या साध्या प्रश्नावर आपल्या इतिहासातल्या काही मोठ्या तारखा उभ्या आहेत.

एक प्रयोग करून बघा. मोबाइलमध्ये मागे मागे जाऊन ६ जून १६७४ उघडा. बहुतेक कॅलेंडरं बुधवार दाखवतील. आता इतिहासाची पुस्तकं उघडा. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार. आणि जेधे शकावली बघितलीत, तर तिथे शुक्रवार. एकाच घटनेला तीन वार! मग कोण खोटं बोलतंय? मोबाइल, पुस्तक की शकावली? उत्तर असं, की तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही. ते कसं, तेच आज बघायचं आहे.

आधी मोबाइलचं घेऊ. युरोपात जुलियस सीझरच्या काळापासून चालत आलेल्या पंचांगात दर चौथं वर्ष लीप वर्ष होतं. त्यामुळे वर्ष किंचित लांब व्हायचं आणि शतकानुशतकं ती चूक साचत गेली. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने दहा दिवस गाळले. पोर्तुगालने ते लगेच मानलं. तिथे ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार आला. तारीख दहाने उडाली, पण वार नाही उडाला. गुरुवारनंतर शुक्रवारच. हे लक्षात ठेवा, कारण सगळी किल्ली इथेच आहे.

इंग्रजांनी मात्र पोपचं पंचांग १७५२ पर्यंत मानलं नाही. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. म्हणजे १६७४ साली मुंबईचा इंग्रज कारकून जुनी तारीख लिहीत होता आणि चौलचा पोर्तुगीज नवी. मधे समुद्राची एक पट्टी, आणि तारखेत दहा दिवसांचा फरक!

आता हेन्री ऑक्झिंडेनचा प्रवास आठवा. राज्याभिषेकासाठी आलेला हा इंग्रज वकील १६७४ च्या मे महिन्यात मुंबईहून निघाला, चौलला आला, तिथून आपल्या अष्टमीला आला आणि पुढे निजामपूरवरून पाचाड गाठलं. कुंडलिकेच्या काठाकाठाने, म्हणजे तुमच्या घरावरूनच गेला म्हणा ना! मुंबईत तो जुन्या पंचांगात होता. चौलच्या पोर्तुगीज कोटात दहा दिवस पुढचं पंचांग. अष्टमीत आला की शक आणि तिथी. गावाचं नाव अष्टमी, पण तिथी रोज वेगळी! तीन मुक्काम, तीन कालगणना. पण या सगळ्या वाटेवर रविवार मात्र एकच होता. मुंबईच्या इंग्रजाचा रविवार, चौलच्या चर्चमधला रविवार आणि अष्टमीच्या जोशीबुवांचा रविवार एकच.

म्हणून मी म्हणतो, की तारीख, तिथी, हिजरी चंद्र ही सगळी निरनिराळ्या मापांची भांडी आहेत. वार हा त्या सगळ्यांतून गेलेला न तुटलेला धागा. आपल्याकडेही हा धागा जुना आहे. मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन ४८४ चा लेख आहे. त्यात गुरुवारचा उल्लेख येतो. पुढे मोडी कागदांत तुम्हाला भानुवासर, इंदुवासर, भौमवासर, सौम्यवासर, गुरुवासर, भृगुवासर, मंदवासर असे शब्द भेटतात. भृगुवासर म्हणजे शुक्रवार, मंदवासर म्हणजे शनिवार. लिहिणाऱ्याने तो शोभेसाठी घातलेला नाही. ती त्याची खूणगाठ आहे.

आता ६ जूनचा वार स्वतः काढू. कागदपेन्सिल असेल तर घ्या. बारा महिन्यांचे बारा अंक लिहा. जानेवारी ०, फेब्रुवारी ३, मार्च २, एप्रिल ५, मे ०, जून ३, जुलै ५, ऑगस्ट १, सप्टेंबर ४, ऑक्टोबर ६, नोव्हेंबर २, डिसेंबर ४. जानेवारी-फेब्रुवारीची तारीख असेल तर आदलं वर्ष धरायचं. आता वर्ष, वर्षाची चौथाई (अपूर्णांक सोडून), महिन्याचा अंक आणि तारीख यांची बेरीज करा. जुन्या इंग्रजी पंचांगासाठी त्यात ५ मिळवा. सातने भागा. बाकी ० उरली तर रविवार, १ सोमवार, असं ६ म्हणजे शनिवार.

६ जून १६७४: १६७४ अधिक ४१८ अधिक ३ अधिक ६ अधिक ५, बेरीज २१०६. सातने भागलं, बाकी ६. शनिवार! पुस्तक बरोबर.

नव्या पंचांगासाठी ते ५ सोडा. त्याऐवजी वर्षाला शंभरने भागून येणारा आकडा वजा करा आणि चारशेने भागून येणारा मिळवा. दोन्ही ठिकाणी अपूर्णांक सोडायचा. १५ ऑगस्ट १९४७ करून बघा: १९४७ अधिक ४८६ वजा १९ अधिक ४ अधिक १ अधिक १५, म्हणजे २४३४. बाकी ५, शुक्रवार. घरात कोणी वयस्कर असेल तर विचारा, शुक्रवारच होता. मोबाइल १६७४ लाही हाच नवा हिशेब लावतो, म्हणून त्याला बुधवार दिसतो. त्याचं गणित बरोबर आहे, पण तारीख दुसऱ्या पंचांगातली आहे. त्या पंचांगात राज्याभिषेकाचा दिवस १६ जून, आणि तो शनिवारच निघतो.

मग जेधे शकावलीचा शुक्रवार? शकावली सांगते, की रात्र तीन घटका उरली असता महाराज सिंहासनावर बसले. तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटं. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्री. त्या पहाटे इंग्रजांच्या दृष्टीने शनिवार लागून काही तास झाले होते, आणि शकावली लिहिणाऱ्याच्या दृष्टीने शुक्रवारची रात्र अजून संपायची होती. दोघंही खरं बोलतायत. उलट या बारकाव्यामुळेच शकावलीवरचा विश्वास वाढतो.

आता जन्मतारखेकडे येऊ. एकेकाळी वैशाख, शके १५४९, म्हणजे १६२७ साल धरलं जायचं. पण ज्या बखरींवरून ते धरलं होतं त्यांत तिथी वेगवेगळ्या आणि वारही वेगवेगळे. लोकमान्य टिळकांनी हा गोंधळ १९०० साली ‘केसरी’त मांडला. टिळक मुळात गणिताचे. त्यांचे डेक्कन कॉलेजातले गुरू केरूनाना छत्रे, आपल्या अलिबागजवळच्या नागावचे. पुढे भोरकडच्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती छापून आणली. तिच्यात जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार.

आपल्या रीतीने तपासू. १९ फेब्रुवारी १६३०. फेब्रुवारी आहे, म्हणून वर्ष १६२९ धरायचं: १६२९ अधिक ४०७ अधिक ३ अधिक १९ अधिक ५, बेरीज २०६३. बाकी ५. शुक्रवार! मोबाइल मंगळवार दाखवेल. त्यावरून ‘जन्मतारीखच चुकली’ असं कोणी म्हणालं, तर त्याला आजची ही बेरीज दाखवा. आणखी एक गंमत. तेव्हाचं इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे त्या काळचा इंग्रज हाच दिवस १९ फेब्रुवारी १६२९ असा लिहिता. आणि चौलचा पोर्तुगीज लिहिता १ मार्च १६३०.

पण सावध राहा. नुसता वार जुळला म्हणजे घटना सिद्ध झाली असं नाही. डोळे मिटून वार लिहिला तरी सातांत एकदा तो जुळणारच. वार हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. शके १५५१ ला बळ आलं ते वार, तिथी, नक्षत्र यांचा मेळ बसला, आणि परमानंदाचं शिवभारत व जोधपूरला सापडलेली जन्मकुंडली याच बाजूने उभी राहिली म्हणून. तसंच वार चुकला म्हणून कागद लगेच बनावट ठरत नाही. नकल करणाऱ्याचा हात चुकतो, तिथी दुपारी बदलते, रात्रीची घटना दुसऱ्या वारात जाते. आधी हे सगळं विचारायचं, मग निकाल.

हे न विचारल्यामुळे काय होतं, त्याचं एक उदाहरण. १७३९ साली वसईच्या पोर्तुगीजांनी चिमाजीअप्पांपुढे शरणागती पत्करली. एका पुस्तकात तारीख ५ मे, दुसऱ्यात १६ मे. वाचणाऱ्याला वाटतं, अकरा दिवस वेढा आणखी चालला की काय! दोन्ही तारखांचा वार काढा. दोन्ही शनिवार. दिवस एकच, पंचांगं दोन.

तुमच्या घरात जुनं खरेदीखत असेल, पणजोबांची पत्रिका असेल, देवळाच्या पायरीवर कोरलेला शक असेल. त्यावर वार लिहिलेला आहे का, ते आधी बघा. साल कोणीतरी शाईने गिरवलेलं असतं, तिथीचा आकडा पुसलेला असतो, पण वार बऱ्याचदा शाबूत असतो. कागद लॅमिनेशनला द्यायच्या आधी तेवढा वार उतरवून घ्या. जुन्या कागदांसाठी जंत्री मिळते, ती जाणकाराकडून वापरायला शिका. साधी बेरीज आज तुम्ही शिकलातच. यंदा ६ जूनला गडावर जाल तेव्हा शेजारच्या पोराला विचारा, त्या दिवशी वार कोणता होता? त्याने मोबाइल काढला, तर थोडं थांबा आणि त्याला कागद द्या.