धोकादायक घर

धोकादायक घर : पाया, भिंत, खांब, तुळई किंवा छप्पर यांपैकी ज्याचा एखादा भाग भार पेलेनासा झाला आहे, अथवा ज्याच्याखालची जमीन वा वरचा डोंगरउतार सुटण्याचा संभव आहे, असे राहते घर.

दगडमातीचे घर : पिंपळवंडी (ता. जुन्नर, जि. पुणे) व आसपासच्या गावांतील जुन्या घरांना पाण्यापासून मोठा धोका असतो. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरले की मातीचा सांधा मऊ होतो. भिंतीची आतली व बाहेरची फळी सुटी होऊन भिंतीला पोट येते. तुळईचे भिंतीत गेलेले टोक ओलीने कुजते किंवा वाळवी पोखरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच दगडमातीच्या भिंती जड माळवदासह घरातल्यांवर कोसळल्या.

सिमेंटचे घर : गळक्या स्लॅबमधील सळई गंजून फुगते, काँक्रीटला सळईच्या रेषेत तडे जातात व पोपडे पडतात. वरून गिलावा केल्याने तडा झाकला जातो, गंज थांबत नाही. घर नवे असणे ही हमी नव्हे. महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळलेली पाच मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती. तीत १६ जण मृत्युमुखी पडले.

जमीन : आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीने डोंगरकडा कोसळून १५१ जणांचा बळी गेला. तेथे भिंतींच्या मजबुतीचा उपयोग नव्हता. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे या खुणा दिसताच घर सोडावे.

तपासणी व कळवणे : महानगरपालिका हद्दीत ३० वर्षे झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे. खेड्यात मात्र पहिली नजर घरच्यांचीच असते. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. तडा खुणेपुढे गेला, दारे-खिडक्या अडकू लागल्या किंवा छत झुकले, तर स्थापत्य अभियंत्यास दाखवावे. त्याला विचारल्याशिवाय भिंत फोडू नये किंवा मजला चढवू नये.

शेजारचे घर, शाळेची भिंत वा पाण्याची टाकी धोकादायक वाटल्यास ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात जागा, तारीख व राहणाऱ्यांची संख्या लिहावी, छायाचित्र जोडावे आणि अर्जाची पोच घ्यावी. एक प्रत तहसील कार्यालयात द्यावी. पडझड सुरू झाली असल्यास अर्जात वेळ न घालवता माणसे व जनावरे बाहेर काढावीत, शक्य असल्यास वीज बंद करावी आणि ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे. सामान आणण्यासाठी कोणीही परत आत जाऊ नये.