सोगा, पदर आणि चेनकव्हर

सायकलच्या दुकानात चेनकव्हर ही सर्वांत शेवटी ठरवायची बाब समजली जाते. फ्रेम, चाके, ब्रेक आणि सीट यांची निवड झाल्यावर दुकानदार विचारतो, ‘फुल बसवू की हाफ?’ गिऱ्हाईक किंमत ऐकते, क्षणभर थांबते आणि उत्तर देते. या एका प्रश्नामागे सुमारे १४० वर्षांचा इतिहास आहे. सायकल कोणी चालवावी, कोणत्या कपड्यांत चालवावी आणि कोणत्या रस्त्यावर चालवावी, हे ठरवण्यात पत्र्याच्या या पातळ तुकड्याचा मोठा वाटा आहे.

एकोणिसाव्या शतकातील उंच चाकाच्या सायकलीला साखळी नव्हती. पॅडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असे. वेग हवा असेल तर चाक मोठे करावे लागे आणि चाक मोठे केले की स्वार जमिनीपासून धोकादायक उंचीवर जाऊन बसे. या कोंडीतून साखळीने वाट काढली. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी बुश असलेल्या रोलर साखळीचे पेटंट घेतले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. जवळपास सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला गती देणारी साखळी ही तिची रचना आजही टिकून आहे. स्वार खाली आला, सुरक्षित झाला; मात्र त्याच्या पायाशेजारी तेलाने माखलेली एक उघडी यंत्रणा फिरू लागली.

या यंत्रणेतील धोक्याची जागा नेमकी सांगता येते. पॅडल मारताना साखळीची वरची बाजू पुढे सरकते आणि पुढच्या दातेरी चक्रावर माथ्याजवळ चढते. साखळी आणि दाते जिथे एकत्र येतात तिथे सैल कापडाचे टोक गेले, तर पुढचा प्रत्येक दाता ते आणखी आत ओढतो. स्वाराचा उजवा पाय यंत्राला जखडला जातो. तोल सावरण्यासाठी पाय जमिनीवर टेकवावा, तर तो मोकळाच नसतो. मागे फ्रीव्हील असेल तर पॅडल सावकाश उलटे फिरवून कापड सोडवता येते. पण तोवर बहुधा स्वार पडलेला असतो.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न सर्वांत आधी स्त्रियांच्या सायकलींनी ऐरणीवर आणला. १८९० च्या दशकात पायघोळ झगे घालणाऱ्या स्त्रियांसाठी आडव्या दांडीऐवजी खाली झुकलेली फ्रेम आली, साखळीवर आच्छादन आले आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यांचे जाळे विणले जाऊ लागले. त्याच काळात जे. हॅरिसन कार्टर यांनी साखळी पूर्णपणे बंद डब्यात ठेवण्याची रचना पुढे आणली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन यांच्या ‘सनबीम’ सायकलींनी ती नावारूपाला आणली. या डब्यात थोडे तेल साठवलेले असे आणि साखळी त्यातून फिरत राही. कपड्यांच्या रक्षणासाठी आलेले झाकण आता साखळीच्याही रक्षणासाठी उभे राहिले.

साखळीला रक्षणाची गरज का असते, याचे उत्तर तिच्या झिजेत आहे. जुनी साखळी ‘ताणली गेली’ असे सर्रास म्हटले जाते, पण पोलादी पट्ट्या फारशा ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीतील पिन आणि ती जिच्यात फिरते ती बुश झिजते. सायकलच्या साखळीची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची असते. प्रत्येक जोडात मिलिमीटरच्या सुमारे आठव्या भागाएवढी झीज झाली, तरी संपूर्ण साखळी १ टक्क्याने लांबते. मग ती दात्यांवर नीट बसत नाही आणि दातेही खाऊन टाकते. ही झीज घडवतो तो रस्त्यावरचा धुरळा. त्यातील वाळूचे कण क्वार्ट्‌झचे असतात आणि क्वार्ट्‌झ साध्या पोलादापेक्षा कठीण असते. तेलात असे कण मिसळले की वंगणाची घासणपूड होते.

भारतात सायकल आली तेव्हा येथे हे दोन्ही धोके अधिकच मोठे होते. रस्ते मातीचे होते. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल ठरलेलाच. पोशाखात धोतर, लुंगी, साडी, सलवार आणि ओढणी होती. धोतराचा सोगा खोचून किंवा पायजम्याला चिमटा लावून पुरुषांनी तात्पुरती सोय केली, पण खरा उपाय म्हणजे बंद चेनकव्हर. स्वातंत्र्यापूर्वी बहुतेक सायकली इंग्लंडहून येत. पुढे मुंबईत हिंद सायकल्स, आसनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, सोनीपतला ॲटलस आणि १९५६ पासून लुधियानात हीरो अशी भारतीय कारखानदारी उभी राहिली. या कारखान्यांनी जी काळी, जड, २८ इंची चाकांची सायकल घरोघरी पोहोचवली, तिच्या रुबाबाचा एक भाग म्हणजे साखळीला पूर्ण वेढणारे चेनकव्हर. पोस्टमन, दूधवाला, शिक्षक आणि गिरणी कामगार अशा सर्वांची भिस्त याच सायकलीवर होती.

तरीही ‘फुल’ हे नेहमीच योग्य उत्तर नव्हते. पूर्ण कव्हरमुळे वजन आणि किंमत वाढते. मागचे चाक काढायचे तर आधी कव्हरचा मागचा तुकडा सोडवावा लागतो. सायकल एकदा आडवी पडून पत्रा चेपला की साखळी आतून घासू लागते आणि दर फेऱ्याला खडखडाट ऐकू येतो. अनेक घरांत या आवाजाला कंटाळून कव्हर काढून माळ्यावर टाकले गेले आणि काही दिवसांत पायजम्यावर काळे डाग उमटले. अर्धे कव्हर हलके आणि स्वस्त असते. त्यातून साखळी दिसते आणि तेल घालता येते. ते कपड्यांना बऱ्याच अंशी वाचवते, पण धूळ-चिखल अडवू शकत नाही.

निवडीचा आणखी एक भाग भूमितीचा आहे. अर्ध्या इंचाच्या साखळीसाठी ४४ दात्यांच्या चक्राचा व्यास सुमारे १७८ मिलिमीटर, तर ४८ दात्यांच्या चक्राचा सुमारे १९४ मिलिमीटर असतो. म्हणजे त्रिज्येत ८ मिलिमीटरचा फरक पडतो. लहान चक्रासाठी बनवलेले कव्हर मोठ्या चक्रावर बसवले तर घासते. उलट केले तर फट राहते आणि त्या फटीतून ओढणीचे टोक सहज आत जाते. म्हणून चेनकव्हर रंग पाहून नव्हे, तर दाते मोजून घ्यावे लागते. नियमांनीही धोक्याची तीच जागा ओळखली आहे. पुढे व मागे एकेकच चक्र असलेल्या सायकलींसाठी अमेरिकेतील सुरक्षा नियम साखळीची वरची बाजू आणि पुढच्या चक्राच्या परिघाचा किमान ९० अंशांचा भाग झाकण्याची अट घालतात.

भारतात या झाकणाचे मोल सर्वांत स्पष्टपणे दिसते ते मुलींच्या आणि स्त्रियांच्या प्रवासात. १९९० च्या दशकाच्या आरंभी तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेशा नव्हत्या, तेव्हा त्यांनी साडी नेसूनच पुरुषांच्या दांडीच्या सायकली हाती घेतल्या. २००६ मध्ये बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांचा या योजनेवरील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेतील योग्य वयाच्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. शाळा जितकी दूर, तितका हा लाभ अधिक होता. हे श्रेय सायकलीचे आहे, चेनकव्हरचे नव्हे. परंतु सलवार-ओढणीतील मुलगी रोज काही किलोमीटर अंतर न पडता, न अडकता आणि गणवेश न फाडता कापते, तेव्हा साखळीवरचे झाकण त्या आकडेवारीच्या मागे मूकपणे उभे असते.

हाच विचार मोटारसायकललाही लागू झाला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन अनिवार्य करण्यात आले. लोकांनी त्याला ‘साडीगार्ड’ असे सार्थ नाव दिले.

दरम्यान सायकलीवरून मात्र झाकण उतरू लागले. अनेक गिअरच्या सायकलीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर आडवी सरकते. अरुंद बंद डब्यात तिला तेवढी जागा मिळत नाही. शिवाय उघडी साखळी ही वेगाची आणि तारुण्याची खूण ठरली. येथे एक प्रयोग आठवण्याजोगा आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास साखळीची कार्यक्षमता मोजली. ती अनुकूल स्थितीत ९८.६ टक्क्यांपर्यंत पोहोचली आणि तेलाच्या प्रकाराने तिच्यात फारसा फरक पडला नाही. मात्र ही साखळी प्रयोगशाळेत स्वच्छ होती. तेलाचे एक महत्त्वाचे काम म्हणजे कड्यांमधील जागा व्यापून घाणीला आत येऊ न देणे, असे स्पायसर यांचे म्हणणे होते. चेनकव्हर हेच काम एक पाऊल आधी करते. ते घाणीला साखळीपर्यंतच येऊ देत नाही.

दुकानदाराच्या प्रश्नाला म्हणूनच सर्वांसाठी एक उत्तर नाही. डांबरी रस्त्यावर घट्ट कपड्यांत, अनेक गिअरची सायकल चालवणाऱ्याला पुढच्या चक्रावरील साधी तबकडी पुरेल. स्वच्छ रस्त्यावरच्या रोजच्या ये-जासाठी बरोबर मापाचे अर्धे कव्हर चालेल. कच्च्या वाटेने, पावसापाण्यात, ओढणी किंवा साडी सांभाळत जाणाऱ्यासाठी मात्र कार्टर यांच्या काळातील बंद डबाच आजही सर्वांत शहाणी निवड आहे. कव्हर निवडताना पाहायचे ते तीनच गोष्टींकडे: अंगावरचे कपडे, चाकाखालचा रस्ता आणि चक्राचे दाते.

मुलीसाठी सायकल घेणाऱ्या पालकाने ‘फुल की हाफ’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी तिची शाळेची वाट एकदा डोळ्यांसमोर आणावी. वाचणारे थोडे पैसे त्या वाटेवरच्या एका पडण्यापेक्षा महाग नसतात.