कैलासाची वाट आणि घरचं मावंदं



कुणी काशीला जाऊन आलं, की आपल्याकडे घरी मावंदं घालतात. सोबत आणलेल्या गंगाजलाची पूजा होते, सोयऱ्याधायऱ्यांना आणि गावाला जेवण होतं, आणि मगच यात्रा पुरी झाली असं मानतात. जरा विचार केला तर या चालीत मोठा अर्थ आहे. यात्रा काशीला पुरी होत नाही, ती पुरी होते आपल्या अंगणात. गेलेला माणूस सुखरूप परत आला, हेच यात्रेचं शेवटचं पुण्य.

आज मला कैलास आणि मानसरोवराच्या वाटेचा इतिहास सांगायचा आहे, आणि तो या मावंद्याच्या अंगानं सांगायचा आहे. कारण वाशीमसारख्या जिल्ह्यातही हल्ली पारावर बसलेले एखादे आबा सहज म्हणून जातात, "गुरुजी, मले कैलास पाहाचा हाये. पोरं हाताशी आली, पैसा जमला, पायही चालतात. आता अजून काय लागते?"

काय लागतं, याचं उत्तर फार जुनं आहे. आणि ते आपल्या विदर्भातच सांगितलं गेलं आहे.

आजचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी. त्याच वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेच्या मुलखात, नागपूरजवळ, रामटेक आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. काही विद्वान तो डोंगर दुसरीकडे दाखवतात. पण आपण रामटेक धरून चालू. त्या डोंगरावरचा यक्ष आषाढातल्या मेघाला वाट सांगतो. वाटेत नर्मदा आहे, विदिशा आहे, उज्जैन आहे. पुढं कुरुक्षेत्र आणि हरिद्वारजवळचं कनखल, मग हिमालयातली खिंड, आणि शेवटी कैलास व मानस सरोवर. विदर्भातून कैलासाला जायची ही एवढी तपशीलवार वाट कवीनं सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली.

शाळेत हे काव्य आपण विरहाचं म्हणून शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण प्रवासाची तयारी म्हणूनही ते एकदा वाचून पाहावं. वाट सांगताना यक्ष मेघाला पहिल्यांदा सोबत दाखवतो. राजहंस तुझ्याबरोबर थेट कैलासापर्यंत येतील, आणि कमळाच्या कोवळ्या देठांची शिदोरी त्यांच्या चोचीत असेल, असं तो सांगतो. मग म्हणतो, थकशील तिथं डोंगरावर टेक, आणि क्षीण झालास की ओढ्यांचं हलकं पाणी पीत पुढं जा. सोबत, शिदोरी, विसावा आणि पाणी, या चार गोष्टी झाल्या. आजचे डॉक्टर उंच पहाडावर जाणाऱ्याला याहून फार वेगळं सांगत नाहीत. आणि राजहंसाची गोष्ट निव्वळ कवीकल्पना समजू नका. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस हिवाळ्यात आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या तलावांवर उतरतो, आणि उन्हाळ्याच्या सुमारास हिमालय ओलांडून तिबेटकडच्या सरोवरांवर अंडी घालायला जातो. तोही दरसाल परत येतो, बरं का!

या पर्वताची ओढ कुणा एका धर्माची नाही. शैवांना तो शंकराचं घर. जैन परंपरेत पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांचं निर्वाण अष्टापदावर झालं, आणि ते अष्टापद म्हणजे कैलास, अशी श्रद्धा आहे. आपल्या कारंज्याला जैन भट्टारकांची जुनी पीठं होती, तेव्हा हे नाव तिथल्या घरांत पिढ्यान् पिढ्या घेतलं गेलं असणारच. तिबेटातले बौद्ध त्याला 'कांग रिंपोछे', म्हणजे हिमाचं रत्न म्हणतात आणि उजवी घालून प्रदक्षिणा करतात. तिबेटातल्या जुन्या बोन धर्माचे लोक उलट्या दिशेनं फिरतात. चारही धर्मांची माणसं फिरतात ती पायथ्यानं. शिखरावर आजवर कुणी चढल्याची नोंद नाही.

कारंजा म्हटलं की श्रीनृसिंह सरस्वतींची आठवण होते. 'गुरुचरित्रा'त कथा आहे, की मुंज झाल्यावर बाळ तीर्थाटनाला निघाला, आईचा जीव कासावीस झाला, आणि परत भेटीचं आश्वासन देऊनच तो बाहेर पडला. काशीला संन्यास झाला, पुष्कळ तीर्थं झाली, आणि पुढं पुष्कळ वर्षांनी तो कारंज्याला येऊन आईबापांना भेटला. संन्याशालाही परत येण्याचा शब्द पाळावा लागला! मग प्रपंचातल्या माणसानं तो किती पाळावा?

आता मधली शतकं ओलांडून थेट 1865 सालाकडे येऊ. कुमाऊँमध्ये मिलम नावाचं पहाडी गाव आहे. तिथं नैनसिंग रावत नावाचे एक शाळामास्तर होते, म्हणून लोक त्यांना 'पंडित' म्हणत. त्या वेळी परक्यांना तिबेट बंद होता. भूमापन खात्यानं नैनसिंगांना डेहराडूनला शिकवून यात्रेकरूच्या वेषात आत पाठवलं. त्यांच्या हातात जपमाळ होती, पण तिला 108 नव्हे, 100 मणी होते. शंभर पावलं झाली की एक मणी सरकायचा. जपाच्या चक्रात मंत्राऐवजी मोजमापाच्या चिठ्ठ्या असत. असं पाऊल पाऊल मोजत ते 1866 च्या जानेवारीत ल्हासाला पोचले, आणि परतताना ब्रह्मपुत्रेच्या काठानं मानसरोवरापर्यंत येऊन हिंदुस्थानात उतरले. ज्या वाटेला लोक फक्त भक्तीनं जात, ती वाट एका खेड्यातल्या मास्तरानं गणितानं बांधली. आमच्या शिक्षक मंडळींनी हे नाव वर्गात जरूर सांगावं.

काठगोदामपर्यंत आगगाडी 1884 साली आली. तरी अल्मोड्याच्या पुढं आठवडेच्या आठवडे पायी चालावं लागे. यात्रेकरू एकटे जात नसत. तिबेटशी मीठ-लोकरीचा व्यापार करणाऱ्या पहाडी व्यापाऱ्यांच्या तांड्याला धरून जात. 1949 साली स्वामी प्रणवानंदांचं कैलास-मानसरोवरावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. त्यात मुक्कामांची कोष्टकं होती. कोणत्या मुक्कामाहून कोणता मुक्काम किती मैल, वाटेत काय मिळतं, हे यात्रेकरूला घरबसल्या कळू लागलं.

मग राज्यकारभार आडवा आला. 29 एप्रिल 1954 रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयी करार झाला. पंचशील म्हणून आपण जी तत्त्वं ऐकतो, ती याच कराराच्या आरंभी आहेत. त्यात कैलास-मानसरोवराच्या यात्रेकरूंचा स्पष्ट उल्लेख होता. लिपुलेखसह सहा खिंडी ठरल्या होत्या. यात्रेकरूला मोठी कागदपत्रंही लागत नसत, सीमेवर नोंद करून परवाना घेतला की झालं. पण कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती 1962 च्या जून महिन्यात संपली, नवा करार झाला नाही, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटलं. वाट बंद झाली. ज्यांनी त्या काळात पन्नाशी-साठी गाठली, त्यांची इच्छा मनातच राहिली.

1981 साली वाट पुन्हा उघडली. परराष्ट्र मंत्रालय अर्ज मागवू लागलं आणि चिठ्ठ्या टाकून नावं काढू लागलं. पुढं 2015 साली सिक्कीममधल्या नाथू लाची दुसरी वाट सुरू झाली. 2020 साली साथीमुळे यात्रा थांबली, ती मधली पाच वर्षं बंदच राहून 2025 च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी लिपुलेखमार्गे पन्नास-पन्नासांच्या 5 आणि नाथू लामार्गे 10 तुकड्या ठरल्या, म्हणजे सगळ्या देशातून 750 माणसं. लिपुलेखमार्गे माणशी दीड लाखाच्या वर, तर नाथू लामार्गे अडीच लाखांच्या वर खर्च होता.

म्हणजे पैसा आणि परवाना झाला. पण 1998 साल विसरू नका. ऑगस्टच्या 17 तारखेला रात्री, पावसाच्या भरात, पिथौरागड जिल्ह्यातल्या मालपा या मुक्कामावर डोंगर कोसळला. दोनशेंहून अधिक माणसं गेली, त्यांत सुमारे साठ यात्रेकरू होते. त्यांच्यात कुणाची चूक नव्हती. पहाड असाही असतो, एवढंच त्यातून शिकायचं. म्हणून वाट बंद आहे म्हटलं की थांबायचं, आणि पुढाऱ्यानं मुक्काम हलवा म्हटलं की वाद न घालता हलवायचा.

आता आबांच्या पायांकडे वळू. वाशीम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. एकावर एक अशी तीन कळसूबाई रचली, तरी कैलासाच्या प्रदक्षिणेतला डोल्मा ला हा घाट त्यांच्याही वर राहतो. तो सुमारे 5,600 मीटरवर आहे. मानसरोवराचं पाणीच 4,500 मीटरहून उंच आहे. प्रदक्षिणा सुमारे 52 किलोमीटरची. बावन्न किलोमीटर आपला शेतकरी हसत चालेल, पंढरीची वारी करणाऱ्याला तर त्याचं काहीच नाही. पण डोल्मा लावर हवेचा दाब इथल्या जवळजवळ निम्मा असतो. एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तसाच निम्मा. तिथं पाय थकत नाहीत, आधी छाती थकते.

म्हणून शरीराला सवय लागायला दिवस द्यावे लागतात. साधारण 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रोजचा झोपायचा मुक्काम 500 मीटरहून जास्त चढवू नये, आणि तीनचार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं, ही पहिली हाक. ती लपवू नये. बसल्या जागी दम लागला, चालताना झोक जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

सरकारी यात्रेत 2025 साली वय 18 ते 70 आणि उंचीच्या मानानं वजनाचा अंक, म्हणजे बीएमआय, 25 च्या आत असावा अशी अट होती. दिल्लीला तपासणी झाल्यावर वाटेतही पुन्हा तपासणी होते, आणि तिथून माणसाला परत पाठवतात. पुष्कळांना तो अपमान वाटतो. तसा तो वाटू नये.

आपल्या विदर्भाला एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. सिकलसेलचा आजार आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. हा आजार असलेल्या माणसाला अशी उंची घातक ठरते. जो नुसता वाहक आहे, ज्याला एरवी काहीच त्रास नसतो, त्यालाही विरळ हवेत पानथरीचा धोका संभवतो. तेव्हा अर्ज करण्याआधी रक्ताची ही तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरला आपण कुठं जाणार ते स्पष्ट सांगावं. बाकी तयारी गावातच होते. पाचसहा महिने रोज चालणं, पाठीवर थोडं वजन घेऊन जवळची टेकडी चढणं, तंबाखू-बिडी सोडणं, पासपोर्ट आधी काढून ठेवणं.

आणि कुणी म्हणालं, "तिथं मरण आलं तर मोक्षच की!" तर त्याला प्रेमानं सांगावं, की आबा, तुम्हाला मोक्ष मिळेल, पण तुमचा देह त्या उंचीवरून आणायचा कुणी, आणि तुमच्या सोबतीच्यांची यात्रा कोण पुरी करणार? जुना माणूस काशीला निघताना घरादाराची निरवानिरव करून निघे, ते वाटेचा भरवसा नव्हता म्हणून. मरायला म्हणून तो निघत नसे. मागं राहिलेली माणसं मावंद्याचे गहू राखून ठेवत.

ज्यांना जाणं जमणार नाही, त्यांनीही खंत करू नये. आपल्या वाशीमला पद्मतीर्थ आहे, आणि गावात 108 तीर्थं असल्याची जुनी श्रद्धा आहे. पण जो जाईल, त्यानं कालिदासाच्या मेघासारखं सोबत, शिदोरी, विसावा आणि पाणी संभाळावं, नैनसिंग मास्तरासारखं पाऊल मोजून टाकावं, आणि कारंज्याच्या त्या बाळासारखा आईला दिलेला शब्द पाळावा. डोल्मा लाच्या पायथ्याशी छातीनं नाही म्हटलं, तर कैलासाला तिथूनच हात जोडावे आणि मागं फिरावं.

अंगणात मावंद्याची पंगत बसली, की यात्रा पुरी झाली.