इंजिनाच्या धुरातला साक्षीदार : ऑक्सिजन सेन्सरचा इतिहास (थ्रेड)

१/ गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर ‘पी०१३५’ हा कोड उमटतो आणि निकाल दिला जातो : ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल. हा निकाल अनेकदा घाईचा असतो. तो का, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनलेल्या एका दिव्यापर्यंत मागे जावे लागते.

२/ जर्मनीतील ग्योटिंगेन येथे रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९७ च्या सुमारास विजेचा एक वेगळाच दिवा तयार केला. त्यात तार नव्हती. झिर्कोनिया आणि यट्रिया या ऑक्साइडांची बारीक कांडी होती. थंड असताना ही कांडी विजेला वाट देत नसे. आधी ती तापवावी लागे, मगच ती उजळे. त्यासाठी दिव्यातच तापवणारे वेटोळे बसवावे लागले.

३/ १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे दिवे झळकले. पुढे धातूच्या तारेच्या दिव्यांनी त्यांना मागे टाकले. कांडीतून वीज नेमकी कशी वाहते, याचा उलगडा कार्ल वॅग्नर यांनी १९४३ मध्ये केला : तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकतात. दिवा विस्मरणात गेला, पण त्यातील पदार्थाचा हा गुण पुढे कामी येणार होता.

४/ त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांना झोंबणारे दाट धुके उतरले. महायुद्ध चालू असल्याने जपानने रासायनिक हल्ला केला की काय, अशी शंका लोकांना आली. मग संशय शहरातील एका रसायन कारखान्यावर गेला. कारखाना काही काळ बंद ठेवला गेला, तरी धुके येतच राहिले.

५/ खरे कारण शोधले आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत ते अननसाच्या स्वादावर संशोधन करत होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले की मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाश पडला की ओझोनयुक्त धुके तयार होते. दोषी प्रत्येकाच्या दारात उभा होता.

६/ १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या धुरातील प्रमुख प्रदूषके सुमारे ९० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले. उपाय होता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मात्र तिन्ही प्रमुख प्रदूषके एकाच कन्व्हर्टरमध्ये नष्ट करायची, तर १ भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण फार काटेकोर राखावे लागते. थोडी हवा कमी-जास्त झाली, तरी कार्य बिघडते.

७/ हे प्रमाण क्षणोक्षणी सांगणार कोण? इथे नेर्न्स्ट दोनदा उपयोगी पडले. झिर्कोनिया त्यांच्या दिव्यातला. आणि त्याच्या दोन बाजूंना ऑक्सिजन कमी-अधिक असेल तर किती व्होल्ट निर्माण होतील, हे सांगणारे समीकरण त्यांचेच, १८८९ चे. बॉश कंपनीने या तत्त्वावर सेन्सर घडवला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वो मोटारींत तो प्रथम बसला.

८/ सेन्सरची एक बाजू धुरात, दुसरी बाहेरच्या हवेत. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झाले असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट, ऑक्सिजन शिल्लक असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. पण दिव्याची जुनी अडचण इथेही आली : सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय झिर्कोनिया बोलत नाही. आणि इंजिन सर्वाधिक घाण ओकते ते थंड असतानाच!

९/ उत्तरही दिव्याचेच होते. १९८२ मध्ये बॉशने सेन्सरच्या आत हीटर बसवला. आता धुराने तापवण्याची वाट पाहावी लागेना. पुढे १९९६ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींना स्वतःचे दोष ओळखून ठरावीक कोड देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ‘पी०१३५’ त्यातलाच. त्याचा नेमका अर्थ आहे : पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष.

१०/ ‘सर्किट’ हा शब्द महत्त्वाचा. त्यात फ्यूज, रिले, वायर, कनेक्टर आणि हीटर हे सारे येते. इंजिन थंड असताना कनेक्टर काढून सेन्सरकडील हीटरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा. काही ओहम रोध दिसला तर हीटर शाबूत. अनंत दिसला तर आतली तार तुटली. हीटर शाबूत असेल, तर गाडीकडील बाजूला १२ व्होल्ट आणि अर्थिंग मिळते का, हे पाहावे. अनेकदा दोष उडालेल्या फ्यूजमध्ये किंवा सायलेन्सरला टेकून वितळलेल्या वायरीत सापडतो.

११/ हीटर ठीक असेल, तर उरते साक्ष तपासणे. इंजिन तापल्यावर चांगल्या सेन्सरचे व्होल्ट ०.१ ते ०.९ दरम्यान सतत वर-खाली होतात. आकडा एका जागी खिळला तर संशय रास्त. मात्र सेन्सरच्या अलीकडे पाइपला भोक असेल, तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर ‘ऑक्सिजन जास्त’ असे सांगतो. तो खोटे बोलत नसतो; समोर आहे तेच सांगत असतो.

१२/ मुंबईसह देशाच्या चार महानगरांत १९९५ मध्ये नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिसे कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम निकामी करते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ लागू झाल्यावर नव्या पेट्रोल दुचाकींतही हा सेन्सर सर्रास दिसू लागला.

१३/ लॉस एंजेलिसने आधी शत्रूवर, मग कारखान्यावर ठपका ठेवला. कारण सापडले ते पुरावा तपासल्यावर. इतिहासाच्या अभ्यासात साधनांची चिकित्सा असते, ती हीच. स्कॅनरचा कोड हा आरोप आहे, निकाल नव्हे. मल्टिमीटर लावून पाच मिनिटे तपासले, तर हजारो रुपयांचा निर्दोष सेन्सर कचऱ्यात जाण्यापासून वाचतो, आणि खरा दोष तसाच राहून हवा बिघडवत नाही.

(थ्रेड समाप्त)