खांद्यावरून कमरेवर

ट्रेकच्या आदल्या रात्री सॅक भरायला बसलेल्या नवख्याला जुने गडी बजावतात: स्लीपिंग बॅग तळाला, जड सामान पाठीला चिकटून आणि कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे मागून. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं शहाणपण असावं, अशा थाटात हे सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्याचं वय एका माणसाच्या आयुष्याएवढंच आहे.

ओझ्यासाठी पाठीवर सांगाडा बांधायची युक्ती मात्र फार जुनी. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या देहाजवळ हेझलची वाकवलेली काठी आणि लार्चच्या दोन फळ्या होत्या. बहुतेक अभ्यासक तो अशाच सांगाड्याचा भाग मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या ओले बर्गनने थैलीला पाठीच्या वळणाचा सांगाडा जोडला. ब्रिटिश सैनिक पाठपिशवीला आजही ‘बर्गन’ म्हणतात. पण भार खांद्यांवरच राहिला.

तो खाली उतरला एका जीन्समुळे. १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात डिक केल्टी मित्राबरोबर भटकत होता. खांदे भरून आले, तेव्हा लाकडी सांगाड्याची खालची टोकं जीन्सच्या मागच्या खिशांत खोचली आणि वजन कमरेवर गेलं. एवढंच! पुढच्या वर्षी ग्लेनडेलच्या राहत्या घरी धंदा सुरू झाला. डिक ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवायचा, पत्नी नेना नायलॉनच्या पिशव्या शिवायची. पहिल्या वर्षी २४ डॉलरला एक याप्रमाणे २९ सॅक खपल्या. १९६३च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेच्या पाठीवरही केल्टीच होती.

बाहेरच्या सांगाड्यामुळे सामान लावायची रीत ठरली: जड वस्तू वर, खांद्यांच्या उंचीला, अंथरूण खाली, सांगाड्यालाच बांधलेलं. सपाट वाटेवर हे झकास. कातळाला भिडताना मात्र उंचावलेलं वजन डुलतं, तोल जातो. म्हणून १९६७ साली ग्रेग लोव या गिर्यारोहकाने सांगाडाच पिशवीच्या पोटात घातला. आता वजन पाठीलगत मध्यावर आलं आणि अंथरूण आत, तळाला गेलं. सह्याद्रीत मुक्कामाच्या ट्रेकला पाठीवर दिसते ती सॅक याच कुळातली. बाहेर लटकतं ते फक्त कॅरीमॅट, आणि हमखास कुणाचं तरी टमरेल.

या सगळ्या कारागिरीला वळसा घालून गेली ती एक आजी. १९५५ साली ६७ वर्षांच्या एमा गेटवूड अमेरिकेची ॲपलेशियन ट्रेल एकट्याने चालल्या, ३,००० किलोमीटरहून जास्त. सांगाडा नाही, कमरेचा पट्टा नाही. स्वतः शिवलेली डेनिमची थैली एका खांद्यावर. तंबू आणि स्लीपिंग बॅग त्यांनी घेतलीच नव्हती. थंडीला एक घोंगडी आणि पावसाला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, एवढ्यावर त्यांनी १४६ दिवस काढले. दोन वर्षांनी त्या तीच वाट पुन्हा चालल्या.