चिंध्यांचा कागद आणि रद्दीचें भवितव्य

धाराशिव जिल्ह्यांतील तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत, तगराहून साधें कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, अशी नोंद आहे. त्या काळीं हा देश कागदाला ओळखत नव्हता. परंतु झिजलेलें कापड हेंच पुढें कागदाचें मूळ द्रव्य ठरलें. आणि मराठवाड्यांतील कागदाचा इतिहास हा टाकाऊ वस्तूला पुन्हां कामास लावण्याचाच इतिहास झाला.

त्या इतिहासाचें मुख्य स्थान दौलताबादजवळील कागजीपुरा होय. महंमद तुघलखानें १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस हलविली, तेव्हां दिल्लीकडील कागदी त्याजबरोबर आले, असें परंपरा सांगते. त्यांची रीत साधी होती. चिंध्या, गोणपाट आणि रद्दी भिजवावी, चुन्यांत मुरवावी, ढेकीखालीं कुटावी व स्वच्छ धुवावी. मग तो लगदा हौदांतील पाण्यांत कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलावा. ओले ताव भिंतीस चिकटवून वाळवीत, खळ लावीत आणि गुळगुळीत दगडानें घोटीत. मराठ्यांच्या दप्तरांत दौलताबादी व जुन्नरी कागद शतकानुशतकें टिकला.

मग हा धंदा बसला कां? गिरण्यांची स्पर्धा हें एक कारण. पुण्याची डेक्कन पेपर मिल्स १८८५ सालीं स्थापन झाली. दुसरें कारण धोरणाचें. सर चार्ल्स वुड भारतमंत्री असतां, म्हणजे १८५९ ते १८६६ या काळांत, हिंदुस्थान सरकारनें आपला कागद विलायतेहून घ्यावा, असें ठरलें. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यानें तो हुकूम तेथें थेट लागू नव्हता. पण स्वस्त गिरणी-कागदाला राज्याची सीमा आडवी आली नाहीं. कागदाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक सरकार. तेंच फिरलें म्हणजे कारागिराचा हौद कोरडा पडावयाचा. उलट, १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, १९४० सालीं पुण्यास हातकागदाची संस्था उभी राहिली, आणि आश्रय मिळतांच ही कला पुन्हां सांवरली.

आजचा प्रश्न याच सूत्रांत बसतो. रद्दीचा लगदा दरवेळीं करतांना तंतु तुटून आंखूड होतात. पांच-सात फेऱ्यांनंतर त्यांत पकड राहत नाहीं, म्हणून कांहीं नवा तंतु मिसळावा लागतो. उंसाच्या चोयट्यांतून असा तंतु मिळूं शकतो, आणि धाराशिव हा अवर्षणाचा असूनही उंसाचा जिल्हा आहे. शिवाय नव्या लगद्यापेक्षां रद्दीच्या कागदाला पाणी कमी लागतें. तेथें ही बचत लहान नव्हे.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा घरींच वेगळा करणें बंधनकारक केलें. डिसेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें कागदी वेष्टनांची विल्हेवाट उत्पादकांवर सोंपविणाऱ्या नियमांचा मसुदा काढला. दोन्हींचा रोख रद्दी गोळा करण्याकडे आहे. परंतु गोळा केलेल्या रद्दीच्या कागदाला गिऱ्हाईक कोण? कचेऱ्या व शाळा तो विकत घेतील, तर लहान गांवांतील रद्दीवाल्याच्या तराजूलाही वजन येईल. कागजीपुऱ्याच्या हौदांनीं हाच धडा दिला आहे.