व्हेपर लॉक, जुन्या ट्रकमधील

व्हेपर लॉक : पेट्रोल इंजिनाच्या इंधननळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन कार्बोरेटरचा पुरवठा तुटणे. पेट्रोलचे हलके घटक सुमारे ३५-४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. धुळ्याजवळच्या लळिंग घाटासारख्या चढणीवर भार जड, वेग मंद, वारा कमी. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत ओढीमुळे दाब कमी असतो, म्हणून वाफ बहुधा तिथेच धरते.

निदान करताना घाई नको. तापलेली गाडी आचके देत बंद पडते आणि निवल्यावर आपोआप सुरू होते; पण गरम झालेली कॉइलही असेच करते. म्हणून आधी प्लगची ठिणगी पाहावी. ठिणगी चांगली आणि कार्बोरेटर कोरडा असेल, तर दोष इंधनाकडे. गाडी थंड असतानाही अडत असेल, तर फिल्टर तपासावा.

तात्पुरता उपाय म्हणजे पंपावर व नळीवर ओले फडके. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नये, तो तडकतो. खरी दुरुस्ती म्हणजे नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेणे, चिरलेला रबरी पाइप बदलणे, रेडिएटर साफ करणे.

१९५४ पासून जमशेदपूरला बनू लागलेल्या टाटा-मर्सिडीज-बेंझसारख्या डिझेल ट्रकांत बहुधा वाफ नव्हे, हवा अडकते. तिथे ब्लीडिंग स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा. पेट्रोलची गरम नळी उघडताना जवळ विडी पेटलेली नसावी.